आरसा कोणी धरला?

शूरांच्या गोष्टी ऐकण्याची आणि सांगण्याची आम्हां मराठी माणसांना उपजत हौस आहे. दिवाळीत घरोघर मुले मातीचा किल्ला करतात, त्याच्या माथ्यावर सिंहासन मांडून महाराजांना बसवतात, आणि उरलेले मावळे पायथ्याच्या हिरवळीत जागा मिळेल तसे उभे करून टाकतात. मातीच्या चित्रांच्या बाबतीत हे खपून जाते. पण जिवंत माणसांच्या बाबतीतही आपण हेच करू लागलो, म्हणजे मात्र कोणीतरी उठून दोन शब्द बोलायची वेळ येते. अंटार्क्टिका या शीतखंडावरील ठाण्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, भाषणांतून जे सांगितले जाते आणि शाळांच्या निबंधांतून जे घोटवून घेतले जाते, ते सगळे या किल्ल्याच्या पद्धतीचे आहे. वर झेंडा, त्याच्या शेजारी छाती फुगवलेला एक वीर, आणि खाली पांढरे शुभ्र काहीच नाही! त्या ‘काहीच नाही’मध्ये राहणाऱ्या माणसांची बाजू घेऊन मला आज भांडायचे आहे.

आधी एक खरी गोष्ट सांगतो. 1961 सालच्या एप्रिल महिन्याची अखेर. अंटार्क्टिकावर तेव्हा हिवाळ्याची सुरुवात असते. नोव्होलाझारेव्हस्काया या सोव्हिएत ठाण्यावर मोजकीच माणसे हिवाळा काढण्यासाठी राहिली होती आणि त्यांच्यात डॉक्टर एकच होता, लिओनिद रोगोझोव. वय वर्षे सत्तावीस. त्याच्या पोटात दुखू लागले. लक्षणे त्याची त्यालाच कळली: आंत्रपुच्छाचा दाह. विमान येणे शक्य नाही, जहाज येणे शक्य नाही, आणि शस्त्रक्रिया करणारा एकमेव माणूस स्वतःच रोगी. त्याने आपले पोट आपल्या हाताने कापले, आंत्रपुच्छ काढले आणि टाके घातले. सुमारे पावणेदोन तास हे काम चालले होते. दोन आठवड्यांनी गडी पुन्हा कामावर हजर!

ही गोष्ट ऐकून ज्याच्या अंगावर काटा येणार नाही तो माणूसच नव्हे. रोगोझोवला त्रिवार मुजरा करून मी फक्त एवढेच विचारतो, की आरसा कोणी धरला?

कारण आरसा कोणीतरी धरला होता. स्वतःचे पोट माणसाला सरळ दिसत नाही. झिनोव्ही तेप्लिन्स्की नावाचा ठाण्यावरचा यंत्रचालक आरसा धरून उभा होता. अलेक्सांद्र आर्तेम्येव नावाचा हवामानशास्त्रज्ञ हत्यारे हातात देत होता. दोघांपैकी एकही वैद्यकाचा माणूस नव्हता. वाहनांची आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्या माणसाने आपल्या सोबत्याचे उघडे पोट पाहत पावणेदोन तास हात हलू न देता उभे राहायचे, ही गोष्ट तुम्हांला सोपी वाटते काय? रोगोझोवचे नाव जगभर झाले, ते व्हायलाच हवे होते. पण आरसा धरणाराचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

माझे म्हणणे सरळ आहे, आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटावर ते थोडे तिखट लागले तर वाचकांनी क्षमा करावी. ध्रुवाकडचे ठाणे शौर्यावर चालत नाही. ते पाळीवर चालते. भांडी घासण्याच्या पाळीवर, जनित्र राखण्याच्या पाळीवर, बर्फ उपसण्याच्या पाळीवर, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळीवर चालते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शौर्याची ही जी भाषा आपण वापरतो, ती तेथे राहणाऱ्या माणसाच्या हिताची नाही. ती त्याला हार घालते आणि त्याच हाराने त्याचा गळा आवळते. ज्याला एकदा वीर म्हटले, त्याला ‘मला झोप येत नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. विज्ञानातले माझे ज्ञान मुलांना पुरेल एवढेच. एकदा वर्गात शीतखंडाचा धडा चालू असताना मागल्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, तिथे संडास कुठे असतो?’’ सारा वर्ग खो-खो हसला. धड्यात पेंग्विन होते, हिमनग होते, झेंडा होता; संडास नव्हता. पण त्या धड्यावर विचारता येईल असा सर्वांत शहाणा प्रश्न त्या पोराने विचारला होता. कारण त्या एका प्रश्नाचा धागा धरून चाललात की अख्खे ठाणे उलगडत जाते.

प्रथम पाणी घ्या. ज्या खंडावर जगातले बहुतेक गोडे पाणी बर्फाच्या रूपाने साठलेले आहे, तेथे प्यायच्या पाण्याची टंचाई आहे! बर्फाचे पाणी करायला उष्णता लागते, उष्णतेला तेल लागते, आणि तेल हजारो मैलांवरून आणावे लागते. दक्षिण ध्रुवाच्या नेमक्या बिंदूवर अमेरिकेचे अमुंडसेन-स्कॉट ठाणे आहे. तेथे बर्फात खोलवर गरम पाणी सोडून पोटात एक विहीर वितळवतात आणि तिचे पाणी उपसून वापरतात. त्या ठाण्यावरील माणसाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, अशी आंघोळ मिळते. आपल्याकडे नरकचतुर्दशीला उटणे लावून घंगाळभर पाण्याने जे अभ्यंगस्नान चालते, तेवढ्यात तेथल्या माणसाचा कित्येक दिवसांचा शिधा संपेल. आणि विहिरीचे पाणी वापरून झाले की त्याच जुन्या रिकाम्या पोकळीत मैलापाणी सोडतात. झाले त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर! उरलेले अर्धे असे, की 1991 साली माद्रिद येथे झालेल्या करारान्वये त्या खंडाचे पर्यावरण राखण्याचे बंधन सर्व सदस्य राष्ट्रांवर आहे. कचऱ्याचे ढीग मागे टाकून येता येत नाही. रिकामे पिंप असो वा फुटकी बाटली, बांधून परत आणावी लागते. ती बांधतो कोण? मोजतो कोण? वीर की मावळा?

आपले मैत्री ठाणे शिरमाकर नावाच्या खडकाळ पट्ट्यात आहे. तेथे जवळच एक गोड्या पाण्याचे तळे आहे. त्याला प्रियदर्शिनी असे नाव दिले आहे. तळे आहे म्हणजे सुख आहे, असे कोणी समजू नये. हिवाळ्यात त्या तळ्यावर जाड बर्फ धरतो आणि नळ गोठू नये म्हणून तो उबदार ठेवावा लागतो. ऊब येते जनित्रापासून. जनित्र बंद पडले तर नळ गोठला, नळ गोठला तर स्वयंपाक थांबला, आणि चूल व दिवा दोन्ही गेल्यावर काय राहिले? म्हणून त्या ठाण्यावरचा खरा देव्हारा म्हणजे जनित्राची खोली, आणि तिचा पुजारी म्हणजे अंगाला तेलाचा वास येणारा यंत्रकामगार.

हे मी अलंकारिक बोलत नाही. 1982 सालच्या एप्रिलमध्ये रशियनांच्या व्होस्तोक ठाण्यावर वीजघराला आग लागली. व्होस्तोक म्हणजे तेच ठाणे, जेथे पुढल्याच वर्षी, 21 जुलै 1983 रोजी, शून्याखाली 89.2 अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. त्या आगीत एक यंत्रकामगार मरण पावला. मुख्य वीज गेली, आणि हिवाळा तर पुढे उभा. उरलेल्या माणसांनी हाताने शेगड्या बनवल्या, जुने यंत्र खटपट करून चालू केले आणि सुटका होईपर्यंतचे महिने त्या काळोखात काढले. त्यांना तेथे कशाने जगवले? हातातल्या पान्याने आणि हातोडीने जगवले. त्या लोकांची नावे आपल्या कोणत्या पुस्तकात आहेत?

बरे, हे पूर्वीच्या शूरांना कळत नव्हते असे नाही. ज्याने 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल ठेवले, त्या रोआल्ड अमुंडसेनला ते पुरेपूर ठाऊक होते. त्याच्या तळावर लिंडस्ट्रॉम नावाचा आचारी होता. आपल्या पुस्तकात अमुंडसेनने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. अमुंडसेनला ही अक्कल आली तीही एका भयंकर शाळेत. 1898 साली ‘बेल्जिका’ नावाचे जहाज त्या बाजूच्या समुद्रात गोठून अडकले आणि त्यातील लोकांना सबंध हिवाळा तेथेच काढावा लागला. तरुण अमुंडसेन त्या जहाजावर अधिकारी होता. सूर्य मावळला तो कित्येक आठवडे उगवलाच नाही. माणसे फिकट झाली, हिरड्या सुजल्या, एकाचा अंत झाला, काहींची डोकी फिरली. कप्तानाला सीलचे मांस आवडत नव्हते. म्हणून ते ताटात येत नव्हते! अखेर फ्रेडरिक कुक नावाच्या डॉक्टरने हट्ट धरला. त्याने सर्वांना सीलचे आणि पेंग्विनचे ताजे मांस खायला लावले, शेगडीच्या उजेडासमोर रोज उभे केले, बर्फावरून फिरवून आणले. माणसे वाचली. ताटात काय आहे, उजेड किती आहे आणि शेजारी कोण आहे, या तीन गोष्टींवर ध्रुवाकडचे जीवित अवलंबून असते, हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी शिकून झाला आहे. आपण मात्र अजून हिमनगांचीच वर्णने करीत बसलो आहो.

आता शेजारी कोण, याविषयी. कादंबरीकार या नात्याने मी एवढे जाणतो, की वीस-पंचवीस माणसे एका छपराखाली आठ महिने कोंडली की तेथे थंडीची भीती दुय्यम ठरते. थंडीला लोकरीचे कपडे आहेत. माणसाला काय पांघराल? रोज तोच चेहरा, तीच थट्टा, तोच चमचा बशीवर आपटण्याचा आवाज. ज्याचे घोरणे पहिल्या महिन्यात गमतीचे वाटते, त्याच्याविषयी पाचव्या महिन्यात मनात भलते विचार येऊ लागतात. मैत्रीवर सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. नेमक्या ध्रुवावर तर सहा महिने. अशा काळोखात झोपेचे गणित विसकटते, माणूस बोलता-बोलता थांबतो, कशासाठी खोलीत आलो हे विसरतो. जर्मनीच्या नॉयमायर ठाण्यावर 14 महिने राहिलेल्या 9 जणांच्या मेंदूची तपासणी करण्यात आली आणि तिचा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. स्मरणशक्तीशी संबंध असलेला मेंदूचा एक बारीक भाग सरासरीने सुमारे 7 टक्क्यांनी आकसलेला आढळला. नऊच माणसे, त्यावरून मोठे सिद्धान्त बांधू नयेत हे खरे. पण एकटेपणाचा घाव केवळ कवींच्या हृदयावर होतो असे समजणारांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आणि घाव चिघळला म्हणजे काय होते? 1984 साली अर्जेंटिनाच्या अल्मिरान्ते ब्राउन ठाण्यावरच्या डॉक्टरला आणखी एक हिवाळा तेथेच काढावा लागणार, असे कळले. त्याने ठाण्यालाच आग लावून दिली! सगळ्यांना जहाजाने सोडवून आणावे लागले. हा डॉक्टर खलपुरुष होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी विचारतो, तो आग लावण्याच्या टोकाला जाईपर्यंत त्याच्या मनाचा ठाव कोणी घेतला होता काय?

पूर्वी घरची बातमी महिनोन् महिने पोचत नसे. 1984 साली दक्षिण गंगोत्री या आपल्या पहिल्या ठाण्यावर टपाल कचेरी सुरू झाली आणि ती गोव्याच्या टपाल विभागाला जोडली होती. आता फोन आहे, आंतरजाल आहे. घरच्यांचा चेहराही दिसतो. लोक म्हणतात, मग आता कसला एकटेपणा? अहो, जरा विचार करा! बाप अंथरुणाला खिळल्याची बातमी आता तत्काळ कळते. त्याचा श्वास अडखळताना दिसतो. आणि मुलगा मात्र मार्चपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत जागचा हलू शकत नाही. पूर्वीचा दुःखी माणूस अज्ञानात तरी झोपत होता. नव्या सोयींनी अंतर मोडले नाही. अंतराच्या पलीकडचे सगळे दिसू लागले, एवढेच.

आता माझ्या मुख्य आरोपाकडे येतो. शौर्याची भाषा माणसाचे तोंड कशी बंद करते, याचे उदाहरण इतिहासात स्वच्छ लिहिलेले आहे. 1934 साली रिचर्ड बर्ड हा नामांकित अमेरिकन दर्यावर्दी बर्फात पुरलेल्या एका खोपटात हवामानाच्या नोंदी घेत एकटाच हिवाळा काढायला राहिला. शेगडीचा आणि यंत्राचा धूर खोपटात कोंडला आणि कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूने तो हळूहळू मरणाच्या दारी गेला. त्याच्याजवळ बिनतारी यंत्र होते. मुख्य तळाशी तो बोलत होता. पण त्याने सांगितले नाही! आपल्याला सोडवायला येताना इतरांचे प्राण जातील, म्हणून त्याने दुखणे लपवले. संदेशांतली अक्षरे भरकटू लागली तेव्हा तळावरच्यांनाच संशय आला आणि ऑगस्टमध्ये तिघे जण काळोखातून त्याच्यापर्यंत पोचले. यात त्याचे औदार्य आहे, नाही कोण म्हणतो? पण जी रीत माणसाला मरता-मरताही ‘मी ठीक आहे’ असे म्हणायला लावते, ती रीत वंदनीय मानायची की बदलायची?

हा वायू अमेरिकनांपुरता नव्हता. 1990 साली आपल्या भारतीय मोहिमेतील चौघे जण डोंगराच्या मुलखात तंबूत झोपले असता याच वायूने गेले. चार घरे उजाडली. आपल्या किती शाळांत त्यांचे नाव घेतले जाते? पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण शीतखंडावर उतरले, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण जे परत आले नाहीत त्यांच्याविषयी आपण गप्प राहतो, कारण त्यांना ना वाघाने मारले ना वादळाने. एका शेगडीने मारले. शेगडी कवनात बसत नाही!

स्त्रियांच्या बाबतीत तर हे मौन आणखी दाट आहे. 1983-84 च्या मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया प्रथमच तेथे गेल्या, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत आपल्या नागपूरच्या. पुढे 2016-17 मध्ये अवकाश संशोधन संस्थेच्या मंगला मणी यांनी छपन्नाव्या वर्षी भारती ठाण्यावर 403 दिवस काढले. याबद्दल आपली मान ताठ होते. पण ताठ मानेने एक कागदही वाचला पाहिजे. अमेरिकेच्या ध्रुवीय कार्यक्रमाविषयी 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात 59 टक्के स्त्रियांनी तेथे आपला छळ अथवा विनयभंग झाल्याचे सांगितले. हा परदेशातील आकडा आहे आणि तो मी कोणा दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. परंतु त्यामागचे कारण कोणत्याही ठाण्याला लागू पडेल असे आहे. जेथे तक्रार ज्याच्याकडे करायची तोच रोज समोर जेवायला बसतो, जेथून आठ महिने निघून जाता येत नाही, आणि जेथे तक्रार करणारी ‘मोहिमेला डाग लावणारी’ ठरते, तेथे गुन्हेगाराला दाराला कडी घालण्याचीही गरज पडत नाही. बर्फानेच ती घातलेली असते.

यावर तीन आक्षेप येतील, ते मला ऐकू येत आहेत.

पहिला असा, की ही माणसे आपखुषीने जातात, त्यांना भत्ता मिळतो. मग रडगाणे कशाला? उत्तर सोपे आहे. आपखुषीने गेलेल्या माणसालाही खरे सांगूनच नेले पाहिजे. ज्याला फक्त हिमनग दाखवले आणि चौथ्या महिन्यातली रात्र सांगितली नाही, त्याची खुषी ही अपुऱ्या माहितीवर घेतलेली सही आहे. आपले लोक जाण्यापूर्वी दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयात तपासले जातात, औलीच्या बर्फात त्यांना शिकवले जाते. ही चांगलीच व्यवस्था आहे. पण शरीराची परीक्षा घेऊन पाठवलेल्या माणसाच्या मनाची वास्तपुस्त परत आल्यावर कोण करतो, हा प्रश्न त्याच्या बायकोने विचारायचा की देशाने?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतील, मग बंद करा ही ठाणी, पैसा वाचेल. छे! माझे म्हणणे त्याच्या नेमके उलट आहे. तेथल्या बर्फात हवेचा लाखो वर्षांचा इतिहास साठलेला आहे. तेथून पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात, आणि त्या कामात आपल्या पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेचा हात आहे. आपल्या पावसाचे धागेदोरे समजून घ्यायला त्या दक्षिणेच्या समुद्राचा अभ्यास लागतो आणि तो गोव्याच्या वास्को येथील केंद्रातून चालवला जातो. काम मोलाचे आहे, म्हणूनच काम करणारे मोलाचे. विहीर हवी आणि विहीर खणणारा नको, असे कोणी म्हणते काय?

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो, कारण तो माझ्याच व्यवसायातल्या लोकांचा आहे. शिक्षक म्हणतात, ‘‘शौर्य काढून घेतलेत तर मुलांना स्फूर्ती कशाची? संडास आणि भांड्यांच्या गोष्टी सांगितल्या तर कोण जाईल ध्रुवावर?’’ यात तथ्य आहे. मलाही लहानपणी शूरांच्या गोष्टींनीच वाचनाची गोडी लावली. पण मुले आपण समजतो तेवढी नाजूक नसतात. 1999 साली दक्षिण ध्रुवावरील ठाण्याच्या डॉक्टरीणबाई जेरी निल्सन यांना आपल्याच स्तनात गाठ लागली. भर हिवाळ्यात विमान उतरणे अशक्य. त्यांनी स्वतःच गाठीचा अंश सुईने काढला. आणि मदतीला कोण होते? जोडकाम करणारा वेल्डर आणि त्याच्यासारखे इतर सोबती, ज्यांना त्यांनी स्वतःच शिकवून तयार केले होते. जुलैत विमानाने काळोखात घिरट्या घालून औषधे खाली टाकली. ती बर्फात शोधून कोणी आणली? सोबत्यांनीच. ऑक्टोबरमध्ये त्यांना तेथून हलवता आले आणि त्या पुढे आणखी दहा वर्षे जगल्या. ही गोष्ट एकट्या वीरांगनेची म्हणून सांगा, चांगली आहे. पण वेल्डरसकट सांगा. ती दसपट चांगली होते! कारण वर्गातली सगळीच मुले डॉक्टर होणार नसतात. मागल्या बाकावरच्या मुलाला त्या गोष्टीत प्रथमच आपल्यासाठी जागा दिसते.

म्हणजे मी शौर्य काढून घेत नाही. ते वाटून द्या, असे म्हणतो.

आणि हे म्हणण्याची वेळ आजच आहे. दक्षिण गंगोत्री बर्फाखाली गाडली गेली आणि 1990 साली सोडून द्यावी लागली. 1989 पासून चालू असलेली मैत्री आता जुनी झाली. 2012 साली तेथून सुमारे तीन हजार किलोमीटरवर भारती उभी राहिली, तिच्या बांधणीत जहाजावर माल नेण्याच्या 134 पेट्या वापरल्या आहेत. आणि 2024 च्या मे महिन्यात कोची येथे भरलेल्या राष्ट्रांच्या बैठकीत मैत्री-2 बांधण्याचा मनोदय भारताने जाहीर केला. नव्या घराचा आराखडा कागदावर असतो तेव्हाच खिडकी कुठे हवी ते सांगायचे असते. भिंती उभ्या राहिल्यावर नव्हे.

म्हणून माझ्या मागण्या आताच मांडतो. पहिली: प्रत्येक हिवाळी तुकडीतील प्रत्येकाचे नाव, आचाऱ्यापासून प्रमुखापर्यंत, एकाच यादीत आणि एकाच आकाराच्या अक्षरांत छापले जावे. दुसरी: जाणाराला आणि त्याच्या घरच्यांना, दोघांनाही, आधी परतलेल्या माणसांकडून खरा वृत्तान्त ऐकवला जावा. तिसरी: तक्रार करण्याची वाट ठाण्याच्या प्रमुखाच्या टेबलावरूनच जाऊ नये, ती थेट बाहेर पोचावी. चौथी: प्रत्येकाला दार लावून बसता येईल अशी स्वतःची चार हात जागा असावी. आणि पाचवी: परतलेल्या माणसाला हारतुऱ्यांच्या आधी विश्रांती मिळावी आणि त्याच्या मनाची चौकशी व्हावी. ऑस्ट्रेलियाच्या ठाण्यांवर हिवाळ्यात राहणाऱ्या डॉक्टरला आपले आंत्रपुच्छ आधीच काढून घ्यावे लागते. तेथे हा नियम करून शौर्याचा एक प्रसंगच रद्द करून टाकला. याला मी सुधारणा म्हणतो! चांगल्या व्यवस्थेची खूण हीच, की तिच्यात वीर होण्याची पाळी कोणावर येत नाही.

वाचकहो, तुम्ही हा अंक चाळीत असाल तेव्हा तुमच्या दारात पणत्या असतील. मैत्रीवर या दिवसांत रात्रीही पुरता अंधार पडत नाही. लवकरच सूर्य मावळायचा थांबेल. पणती लावली तरी तिचा उजेड दिसायचा नाही. हिवाळा काढलेली माणसे थकल्या डोळ्यांनी बदली तुकडीची वाट पाहत असतात. कोणी आचारी कांद्याच्या तळाशी उरलेल्या पोत्याकडे बघून आजचा बेत ठरवीत असेल. कोणी जनित्राच्या खोलीत कान लावून बसला असेल. पुढे कधी मैत्री-2 च्या उद्घाटनाचे छायाचित्र तुमच्या वर्तमानपत्रात येईल. त्यात झेंडा असेल, पाहुणे असतील, फीत असेल. ते मुलांना अवश्य दाखवा. आणि त्यांनी विचारण्यापूर्वी तुम्हीच विचारा, की या चित्रात जे दिसत नाहीत त्यांची नावे काय, आणि ती आम्हांला कधी कळणार?